कुत्र्या-मांजरांचा आहार: कोणती पोषकतत्त्वे लागतात आणि का?

महाराष्ट्रातल्या अनेक घरांत कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी मिळते आणि मांजरासाठी बशीत दूध ओतले जाते. रविवारी मटण झाले की हाडे कुत्र्याच्या वाट्याला, मासे आणले की डोकी-शेपट्या मांजराच्या वाट्याला. प्राणी खातो, शेपूट हलवतो, पायात घोटाळतो, म्हणजे सगळे ठीक आहे असे वाटते. पण पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोषकतत्त्वांची कमतरता बऱ्याचदा महिनोन्‌महिने दिसत नाही. ती दिसते तेव्हा मांजराची नजर गेलेली असते किंवा पिल्लाचे पाय वाकलेले असतात.

कुत्रा आणि मांजर यांना नेमके काय लागते, दोघांच्या गरजा वेगळ्या का आहेत आणि घरच्या ताटातले काय त्यांना चालत नाही, याची ही मूलभूत माहिती.

कुत्रा सर्वाहारी, मांजर पक्के मांसाहारी

कुत्रा लांडग्यापासून आला, पण हजारो वर्षे माणसाच्या सोबत राहून त्याची पचनशक्ती बदलली. २०१३ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेझ हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. म्हणूनच शिजवलेला भात, पोळी, भाकरी कुत्रा पचवू शकतो.

मांजराचे तसे नाही. उंदीर, पक्षी, सरडे अशी छोटी शिकार हाच त्याच्या पूर्वजांचा आहार होता. जी तत्त्वे शिकारीतून रोज आयती मिळत होती, ती स्वतः तयार करण्याची क्षमता मांजराच्या शरीरात उरली नाही किंवा फारच थोडी उरली. मांजराला गोड चवही कळत नाही, कारण ती ओळखणाऱ्या ग्राहीचे जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे. मांजर आईस्क्रीम चाटते ते त्यातल्या स्निग्धांशासाठी.

या एका फरकातून पुढचे बरेच फरक निघतात. कुत्र्याचे खाद्य मांजराला कायम दिले तर मांजर आजारी पडते, त्याचे कारणही हेच.

सहा मुख्य घटक

प्रथिने. स्नायू, कातडी, केस, विकरे आणि रोगप्रतिकारक शक्ती यांसाठी प्रथिने लागतात. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी १० कुत्र्याला आहारातूनच मिळावी लागतात. मांजराला ही १० आणि शिवाय टॉरिन, अशी ११ लागतात. अमेरिकेतील ‘आफ्को’ या संस्थेच्या मानकांनुसार, पाण्याचा अंश वगळून मोजले तर प्रौढ कुत्र्याच्या आहारात किमान १८ टक्के आणि प्रौढ मांजराच्या आहारात किमान २६ टक्के प्रथिने हवीत. वाढत्या पिल्लांसाठी हेच प्रमाण अनुक्रमे २२.५ आणि ३० टक्के आहे. गव्हाच्या पिठात साधारण १० ते १२ टक्के प्रथिने असतात, तांदळात ७ ते ८ टक्के. नुसत्या पोळीवर किंवा भातावर कुत्र्याचेही भागत नाही, मग मांजराचे कसे भागणार?

स्निग्ध पदार्थ. हा ऊर्जेचा सर्वांत दाट साठा. ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठीही स्निग्धांश लागतो. लिनोलेइक आम्ल दोघांना लागते. मांजराला त्याशिवाय ॲरॅकिडोनिक आम्लही हवे असते आणि ते प्राणिज चरबीतूनच मिळते. कुत्रा ते वनस्पती तेलातल्या लिनोलेइक आम्लापासून तयार करू शकतो.

कर्बोदके. दोघांसाठीही ती अत्यावश्यक नाहीत, कारण यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवू शकते. तरी कुत्र्यासाठी शिजवलेले धान्य हा ऊर्जेचा चांगला आणि स्वस्त स्रोत आहे. मांजराला ती थोड्या प्रमाणात चालतात.

जीवनसत्त्वे. माणसाला क जीवनसत्त्व आहारातून घ्यावे लागते. कुत्रा आणि मांजर ते आपल्या यकृतात तयार करतात. ड जीवनसत्त्वाचे उलटे आहे. माणसाची त्वचा ते उन्हात बनवते, पण कुत्र्या-मांजरांची त्वचा ते पुरेसे बनवू शकत नाही, त्यामुळे ते खाण्यातूनच यावे लागते. पिल्लाला रोज कोवळ्या उन्हात बसवल्याने त्याची हाडे मजबूत होतील, हा समज म्हणूनच खरा नाही.

खनिजे. कॅल्शियम आणि फॉस्फरस ही सर्वांत महत्त्वाची जोडी. कुत्र्याच्या आहारात एक भाग फॉस्फरसला किमान एक आणि जास्तीत जास्त दोन भाग कॅल्शियम असावे. शिवाय लोह, जस्त, तांबे, आयोडीन, सेलेनियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम लागतात.

पाणी. कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, उन्हाळ्यात जास्त. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशात राहणारे. शिकारीच्या मांसातूनच त्यांना बहुतेक पाणी मिळत असे, म्हणून मांजराला तहान कमी लागते. कोरड्या दाणेदार खाद्यात पाणी जेमतेम १० टक्के असते, तर पाऊच किंवा डब्यातल्या ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. फक्त कोरड्या खाद्यावर असलेल्या मांजराने पुरेसे पाणी प्यावे याकडे लक्ष द्यावे लागते. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यांत ताजे पाणी ठेवल्याचा उपयोग होतो.

टॉरिनची गोष्ट

मांजराच्या आहारात चूक झाली तर काय होते, हे टॉरिनवरून सर्वांत स्पष्ट कळते. १९७५ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, ज्या मांजरांना दुधातल्या केसिन या प्रथिनावर आधारलेला, टॉरिन नसलेला आहार दिला गेला, त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा ऱ्हास झाला. गेलेली दृष्टी अशा वेळी परत येत नाही.

बारा वर्षांनी, १९८७ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी याच पत्रिकेत दुसरी गोष्ट मांडली. हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या आजाराने अनेक मांजरे दगावत होती. त्यांच्या रक्तात टॉरिन कमी आढळले. टॉरिन दिल्यावर हृदयाचे काम सुधारले. यातली काही मांजरे बाजारात मिळणाऱ्या तयार खाद्यावरच वाढलेली होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातले टॉरिन वाढवले आणि हा आजार दुर्मीळ झाला.

टॉरिन मांस, मासे आणि विशेषतः हृदयासारख्या अवयवांत असते. धान्य, डाळी आणि भाज्यांत ते जवळजवळ नसते. दुधात आणि अंड्यातही ते मांजराला पुरेल इतके नसते. टॉरिन पाण्यात विरघळते, त्यामुळे मांस उकडून पाणी फेकून दिले तर त्यातला बराच भाग वाया जातो. उकडलेले मांस देताना ते पाणीही खाण्यात मिसळावे.

टॉरिनखेरीज आणखी तीन गोष्टींत मांजर कुत्र्याहून वेगळे आहे. गाजर-भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून कुत्रा ए जीवनसत्त्व बनवतो. मांजर ते बनवू शकत नाही, त्याला ते प्राणिज पदार्थांतून तयारच मिळावे लागते. नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्वही मांजर स्वतः पुरेसे तयार करत नाही. आणि आर्जिनीन या अमिनो आम्लाची गरज तर इतकी तातडीची आहे की, ते अजिबात नसलेले एकच जेवण दिल्यावर काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया वाढल्याचे प्रयोगांत दिसले. सुदैवाने आर्जिनीन मांसात भरपूर असते.

शाकाहारी घरातले प्राणी

घरात मांस-मच्छी शिजत नाही, पण कुत्रा किंवा मांजर आहे, अशी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. दोन्ही प्राण्यांसाठी उत्तर वेगळे आहे.

प्रौढ, निरोगी कुत्रा काळजीपूर्वक आखलेल्या शाकाहारी आहारावर राहू शकतो. मात्र त्यात अंडी, पनीर, दही, डाळी किंवा सोयाबीन यांतून प्रथिने आणि पूरक औषधांतून खनिजे व जीवनसत्त्वे हिशोबाने द्यावी लागतात. हा हिशोब पशुवैद्याकडून करून घ्यावा. नुसता वरण-भात किंवा दूध-पोळी यात बसत नाही.

मांजराला घरी बनवलेल्या शाकाहारी जेवणावर ठेवणे धोक्याचे आहे. घरात मांस आणायचे नसेल तर ‘संपूर्ण आणि संतुलित’ असे लिहिलेले मांजराचे तयार खाद्य हा सोपा मार्ग आहे.

‘नुसते चिकन देतो’ हेही अपुरेच

दुसऱ्या टोकाला, काही जण प्राण्याला फक्त बिनहाडाचे चिकन किंवा खिमा देतात. मांसात प्रथिने भरपूर असतात, पण कॅल्शियम जवळपास नसते आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट असतो. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढू लागते. वाढत्या पिल्लांत याचे परिणाम लवकर दिसतात: लंगडणे, वाकलेले पाय, साध्या उडीने मोडलेले हाड.

कॅल्शियमसाठी अनेक जण पिल्लाला नाचणी देतात. नाचणी धान्यांमध्ये कॅल्शियमला चांगली आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण आफ्कोच्या मानकानुसार वाढत्या पिल्लाच्या १०० ग्रॅम कोरड्या आहारात किमान १,२०० मिलिग्रॅम हवे. शिवाय नाचणीतल्या फायटेटमुळे कॅल्शियमचे शोषण कमी होते. नाचणी द्यायला हरकत नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

उलट, ग्रेट डेन, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना तयार संतुलित खाद्यावर वरून कॅल्शियमचे सिरप देणेही चूक आहे. लहान पिल्लांची आतडी जादा कॅल्शियम अडवू शकत नाहीत आणि हाडांची वाढ बिघडते.

कलेजीचेही असेच. आठवड्यातून थोडी कलेजी ए जीवनसत्त्वासाठी उत्तम, पण मांजराला रोज कलेजीच दिली तर ए जीवनसत्त्व साठत जाते आणि मानेचे मणके एकमेकांना जुळून मान वळवता येईनाशी होते.

कोकण-गोव्याकडे मांजराला मासे रोजच मिळतात. मासे चांगलेच, पण फक्त मासे नकोत. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन हे ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, ते शिजवल्यावर निकामी होते. तेलकट मासे सतत दिल्यास ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते व दुखते. खारवलेली सुकी मासळी मिठामुळे टाळावी.

दूध द्यावे का?

पिल्लू आईचे दूध पिते तेव्हा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे लॅक्टेझ विकर भरपूर असते. दूध सुटल्यावर ते कमी होत जाते. म्हणून अनेक मोठ्या कुत्र्या-मांजरांना गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात. ज्यांना होत नाहीत त्यांना थोडे दूध चालते, पण ते जेवण नव्हे. दही-ताकात लॅक्टोज कमी असल्याने ते तुलनेने सोसते. आई नसलेल्या अगदी लहान पिल्लांना साधे गाईचे दूध पुरत नाही, त्यांच्यासाठी औषधांच्या दुकानात किंवा पशुवैद्याकडे मिळणारी खास दूध पावडर वापरावी.

स्वयंपाकघरातले धोके

- कांदा आणि लसूण: कच्चा, शिजवलेला किंवा पावडर, कोणत्याही रूपात रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मांजराला दर किलो वजनामागे ५ ग्रॅम कांदाही घातक ठरू शकतो, कुत्र्याला १५ ते ३० ग्रॅम. रस्सा, बिर्याणी, आमटी देऊ नये याचे हेच कारण. लक्षणे दिसायला काही दिवस लागू शकतात.
- द्राक्षे आणि मनुका: कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्यात वेगळे. यामागे टार्टारिक आम्ल असावे असे संशोधकांचे मत आहे. ते चिंचेतही भरपूर असते, म्हणून चिंचही दूर ठेवावी.
- चॉकलेट, चहा, कॉफी: थिओब्रोमीन आणि कॅफीनमुळे उलट्या, हृदयाचे ठोके वाढणे, झटके. चॉकलेट जितके काळे, तितका धोका जास्त.
- झायलिटॉल: शुगर-फ्री च्युइंगगम, काही टूथपेस्ट आणि काही पीनट बटरमध्ये असते. कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने घसरते आणि यकृताला इजा होते.
- शिजवलेली हाडे: त्यांचे टोकदार तुकडे होतात, घशात अडकतात किंवा आतडे फाडतात.
- कच्चे अंडे: पांढऱ्या भागातले ॲव्हिडिन बायोटिन बांधून ठेवते. उकडलेले अंडे मात्र उत्तम.
- फार तुपकट-तळलेले: कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सणासुदीनंतर असे प्रकार घडतात.

यातले काही पोटात गेल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. घरी मीठ पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. मिठाचीच विषबाधा होऊ शकते.

किती द्यायचे?

विश्रांतीच्या स्थितीत लागणारी ऊर्जा वजनावरून काढता येते. १० किलोच्या कुत्र्याला ती सुमारे ३९५ किलोकॅलरी येते. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला साधारण १.६ ने गुणतात, म्हणजे दिवसाला ६३० च्या आसपास. ४ किलोच्या घरातल्या, नसबंदी झालेल्या मांजराला साधारण २४० पुरतात. एका मध्यम पोळीत सुमारे १०० किलोकॅलरी असतात. जेवण झाल्यावर लाडाने दिलेली एक पोळी मांजराच्या दिवसभराच्या गरजेच्या ४० टक्के भरते! बिस्किटे आणि वरचा खाऊ मिळून एकूण गरजेच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये.

आकडे ही फक्त सुरुवात आहे. खरे मोजमाप प्राण्याच्या अंगावर असते. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज जाणवाव्यात, पण डोळ्यांना ठळक दिसू नयेत. वरून पाहिल्यावर कंबर कळावी. बरगड्या चाचपाव्या लागत असतील तर खाणे जास्त होत आहे.

छोट्या पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर कुत्र्याला दोन वेळा खाऊ घालणे योग्य. मांजराला दिवसभर थोडे-थोडे खायला आवडते.

पाकिटावरचे लेबल कसे वाचावे?

पहिल्यांदा ‘संपूर्ण आणि संतुलित’ अशा अर्थाचा मजकूर शोधावा आणि तो कोणत्या वयासाठी आहे ते पाहावे. ‘पूरक’ किंवा ‘ट्रीट’ असे लिहिले असेल तर ते रोजचे जेवण नाही.

प्रथिनांच्या टक्केवारीची तुलना करताना पाणी वजा करावे. एका पाऊचवर १० टक्के प्रथिने आणि ७८ टक्के पाणी लिहिले आहे, तर कोरडा भाग २२ टक्के उरतो. १० भागिले २२ म्हणजे सुमारे ४५ टक्के प्रथिने. दाणेदार खाद्यावर ३० टक्के प्रथिने आणि १० टक्के पाणी असेल, तर खरे प्रमाण ३३ टक्के. कागदावर कमी दिसणारे पाऊच इथे पुढे आहे.

‘ग्रेन-फ्री’ म्हणजे धान्यविरहित खाद्य आपोआप चांगले ठरत नाही. अशा खाद्यांचा, विशेषतः डाळी-वाटाणे भरपूर असलेल्यांचा, कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का याची तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, पण धान्याची ॲलर्जी नसलेल्या कुत्र्याला धान्य टाळण्याचे कारणही नाही.

आहार बदलताना

दूध-पोळी आजपासून बंद, असे करू नये. नवे खाणे जुन्यात थोडे मिसळून सात ते दहा दिवसांत प्रमाण वाढवत न्यावे. मांजराच्या बाबतीत ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट महागात पडतो. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. चोवीस तास काहीच न खाल्लेल्या मांजराला पशुवैद्याकडे न्यावे.

केस निस्तेज होणे किंवा गळणे, वजन घटणे, सतत जुलाब, लंगडणे, अंधारात वस्तूंना धडकणे, लवकर दमणे ही लक्षणे आहाराशी जोडलेली असू शकतात. पशुवैद्याकडे जाताना आठवडाभर प्राण्याने काय आणि किती खाल्ले ते लिहून न्यावे. वरचा खाऊ आणि शेजाऱ्यांनी दिलेली बिस्किटेही त्यात धरावीत. रोजच्या जेवणात काय कमी पडते आहे, हे बऱ्याचदा त्या यादीवरूनच कळते.